दही का लागेना

लाकडाच्या जुन्या वखारीसमोर माणसांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. कुणाच्या कडेवर तापलेलं पोर, कुणाच्या गालाला बांधलेलं फडकं, कुणी भिंतीला टेकून कण्हतंय. तरीही सगळ्यांच्या हालचालीत लग्नघरातली लगबग होती. इतक्यात आतून कुणीतरी ओरडलं, "उठला! उठला!" आणि अख्खी रांग मोडून दारावर आदळली.

उठला होता बसचा ड्रायव्हर. मांडीवरच्या गळवानं त्याचा पाय सुजून खांबासारखा झाला होता. गेल्या आठवड्यात घरच्यांनी त्याला हातगाडीवर घालून इथं आणलं होतं. आज तो वखारीच्या मधोमध पाय आपटून दाखवत होता आणि त्याची बायको हसत-रडत प्रत्येकाला सांगत होती, "बघा, बघा हो, सूज कुठं आहे सांगा!"

फळ्यांच्या उंच ढिगावर राखबाबा बसला होता. पुढ्यात लोखंडी घमेलं, घमेल्यात धुमसती लाकडं, बाजूला राखेच्या पुड्यांची टोपली.

"डॉक्टरनं किती सुया टोचल्या रे तुला?" बाबानं विचारलं.

"लई टोचल्या, बाबा."

"आणि माझी राख किती खाल्लीस?"

"चिमूटभर!"

"चिमूटभर!" बाबानं घमेल्यावर चिमटा आपटला. "अरे, सुई कातडीला भोक पाडते, राख कर्माला भोक पाडते! पहिला अग्नी पापाचा, दुसरा अग्नी तापाचा, तिसरा अग्नी शापाचा! ज्याची जशी आग, त्याला तशी राख! डॉक्टरला विचारा, बाबा रे, तुला अग्नी कळतो का? तो म्हणेल, मला फी कळते!"

वखार हसून हसून हलली. हसणाऱ्यांत ताप आलेलेही होते.

दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. गावच्या दवाखान्याची लॅब त्यांच्याकडे होती. गावातली माणसं त्यांना चेहऱ्यानं फारशी ओळखत नसत, आणि त्याही माणसांना ओळखायच्या ते त्यांच्या रक्तावरून, लघवीवरून आणि पुवावरून. आज त्यांची धाकटी बहीण त्यांना हाताला धरून घेऊन आली होती.

"आता बोल," धाकटी म्हणाली. "डोळ्यांनी बघितलंस ना? हेही नाटकच का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय खरंच बरा झालाय."

त्यांची अडचण हीच होती. ड्रायव्हर भाड्यानं आणलेला असता, गळू मेणाचं असतं, तर काम सोपं होतं. पण त्या गळवाचा पू त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितला होता. आजार खरा होता आणि गुणही खरा होता. मधली चिमूटभर राख तेवढी कळत नव्हती.

लॅबमध्ये त्यांना दुसरंच एक कोडं छळत होतं. रुग्णाच्या अंगातले जंतू कोणत्या औषधाला दाद देतात हे बघायची एक साधी रीत असते. काचेच्या चपट्या बशीत जंतूंची पातळ पेरणी करायची, वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि बशी रात्रभर उबेत ठेवून द्यायची. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि तिथं स्वच्छ गोल वलय उमटतं. लागू पडत नसेल तर जंतू चकतीच्या कडेपर्यंत दाट साय धरतात. गेल्या वर्षभरात या गावच्या बश्यांमधली वलयं आटत चालली होती. साध्यासुध्या गोळ्यांना पूर्वी मुकाट मरणारे जंतू आता त्या गोळ्यांशेजारी मजेत वाढत होते. गावातले डॉक्टर म्हणत, "तुमच्या चकत्या शिळ्या असतील, मॅडम." चकत्या ताज्या होत्या.

धाकटीचं घर दुधाच्या दुकानाच्या माडीवर. खाली नवरा दूध विकायचा आणि धाकटी दही लावायची. तिच्या हातचं दही सुरीनं कापावं असं घट्ट लागायचं. नवऱ्याला सगळे दहीवाले म्हणत, पण दही त्याचं नसून बायकोचं आहे हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. म्हणूनच एका सकाळी ती लॅबच्या दारात पातेली घेऊन उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा चोरी झाल्यासारखा होता.

"ताई, दही लागत नाहीये."

"थंडी वाढलीय. उबेत ठेव."

"मला दही लावायला शिकवतेस? उबेत ठेवलं, भांडी उकळून घेतली, विरजण बदललं, दूधवाल्याशी भांडून झालं. सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं. नासतसुद्धा नाही मेलं! तुझ्या त्या जंतूंना विचार जरा, संपावर गेलेत का म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी थेंब काचेवर घेतला. निरोगी विरजणात दही लावणारे जिवाणू मण्यांच्या माळांसारखे आणि काड्यांसारखे खच्चून भरलेले असतात. दुधातली साखर खाऊन ते तिचं आम्ल करतात, म्हणून दूध घट्ट होतं. धाकटीच्या 'हाताची' खरी कमाई त्यांचीच. या थेंबात शोधून शोधून थोड्याशा तुटक्या माळा दिसल्या.

संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. दहीवाले पातेल्याखालचा जाळ कमी करत होते.

"भावोजी, दुधात काय काय घालता?"

"दुधात? दूधच घालतो, ताई. पाणीसुद्धा घालत नाही, शपथ घ्या."

"आणखी काहीच नाही?"

"काही नाही. हल्ली पहिल्या उकळीला बाबांची राख तेवढी. बरकत राहते."

डॉक्टरीणबाईंनी फळीवरची राखेची पुडी उचलून बघितली. मग त्यांनी विचारलं, "गाईच्या सडाला सूज आली, तिला इंजेक्शन दिलं, तर तिचं दूध तुम्ही दह्याला घेता का?"

"छे! काही दिवस घेतच नाही. औषध उतरतं दुधात. विरजण धरत नाही."

बोलता बोलताच दहीवाल्यांचा हात थांबला. गोष्ट त्यांच्याच तोंडून निघाली होती. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग ताईंकडे, आणि पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाले, "ताई, बाबांची परीक्षा बघू नका. आम्हाला संसार करायचाय."

परीक्षा धाकटीनं बघितली. तिनं राख न पडलेल्या एकाच पातेल्यातलं दूध तीन वाडग्यांत ओतलं. एकात नुसतं विरजण घातलं, दुसऱ्यात विरजणासोबत चुलीतली राख आणि तिसऱ्यात विरजणासोबत बाबाची राख. इकडे डॉक्टरीणबाईंनी जंतू पेरलेल्या बशीच्या मध्यावर त्याच राखेची चिमूट ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन वाडग्यांत दही लागलं होतं आणि तिसऱ्यात दूध होतं. बशीत राखेभोवती एवढं मोठं स्वच्छ वलय पडलं होतं, जणू कुणी मधला भाग पुसून घेतला असावा.

राख अशी वागत नाही, औषध वागतं. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही अग्नींच्या पुड्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेला पाठवल्या आणि उत्तर आलं ते त्यांना जवळजवळ माहीत होतं. तिन्ही पुड्यांत जंतुनाशक गोळ्या कुटून घातल्या होत्या. पहिल्या अग्नीत स्वस्तातली जुनी गोळी, दुसऱ्यात तिच्याहून जालीम आणि तिसऱ्यात अशी की जी डॉक्टरही हात राखून देतात. बाबाला तिसऱ्या अग्नीचा साक्षात्कार का झाला हेही आता कळलं. पहिली गोळी लागू पडेनाशी झाली म्हणून दुसरा अग्नी पेटला, दुसरी थकली म्हणून तिसरा.

"म्हणजे वर्षभर मी गोळ्या खातेय?" धाकटीनं विचारलं. लघवीच्या जळजळीसाठी ती बाबाची राख घ्यायची. दोन-तीन चिमटीत बरं वाटायचं, मग राख बंद. महिन्याभरानं जळजळ परत. शेवटच्या वेळी बाबानं तिला तिसरी पुडी दिली होती.

"गोळ्या नीट खाल्ल्या असत्यास तर एक वेळ बरं झालं असतं. तू चाखल्यास. त्यानं काय होतं सांगू? कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. पुढची सगळी पैदास त्या चिवटांची. पुन्हा चिमूट घेतलीस की त्यातले आणखी चिवट उरतात. आणि पोटातले आपल्या कामाचे जिवाणू, अन्न पचवणारे, वाईट जंतूंना जागा न देणारे, ते बिचारे फुकट मरतात."

"दह्यातल्यांसारखे."

"दह्यातल्यांसारखे."

धाकटी एकदम हसली. "मेल्यानं माझ्या दह्याची वाट लावली आणि मी त्याच्या पाया पडत होते! चल, सांगू या सगळ्यांना. तुझं कुणी ऐकणार नाही, तू बश्या-बिश्या दाखवशील. माझ्या दह्यावर लोकांचा विश्वास आहे."

दुकानासमोरच्या रस्त्यावर तिनं टेबल मांडलं. आदल्या संध्याकाळी शेजारणींच्या देखत वाडगी भरली आणि शेजारणींच्याच कपाटात कुलूपबंद ठेवली. सकाळी वाडगी उघडली तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. दोन वाडगी तिनं उलटी धरली, दही हललं नाही. तिसरं उलटं केलं आणि दूध भसकन टेबलावर सांडलं.

लोक चपापले. कुजबूज सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी बशी उंच धरून समजावून सांगितलं: राखेत गोळ्या आहेत, म्हणून गुण येतो, आणि त्या अपुऱ्या पडतात म्हणून आजार परततो, पहिल्यापेक्षा हट्टी होऊन. ड्रायव्हर पुढेच उभा होता. तो खाली बघून मांडी चोळत होता. गळू पुन्हा धरलं होतं.

त्या वेळी खरोखर वाटलं की माणसं ऐकतील. तेवढ्यात मागची गर्दी दुभंगली आणि राखबाबा आला. रागावलेला नव्हता, उलट लग्नाला आल्यासारखा प्रसन्न होता. त्यानं सांडलेल्या दुधात बोट बुडवून चाटलं.

"गोड!" तो म्हणाला. "लेकरांनो, दही म्हणजे काय? आंबलेलं दूध. आंबणं म्हणजे काय? कुजण्याची सुरुवात. या बाईचं दूध कुजलं, माझं कुजलं नाही! जी राख दुधाला कुजू देत नाही, ती तुमच्या देहाला कुजू देईल?"

"नाही!" कुणीतरी ओरडलं.

"अहो, त्यात औषध कुटून घातलंय!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चिरकला. "हे वलय बघा, हा पुरावा आहे!"

"ऐका!" बाबानं दोन्ही हात वर केले. "डॉक्टरीणबाई स्वतः सांगतायत, माझ्या राखेत औषध आहे! दवाखान्याच्या काचेनं दाखला दिला! आजवर म्हणत होते, राखेत काही नाही. आज म्हणतात, आहे! उद्या म्हणतील, आम्हालाही द्या!"

टाळ्या पडल्या. हसणंही सुरू झालं. डॉक्टरीणबाईंचाच पुरावा त्यांच्या हातून काढून घेतला गेला होता, आणि तोही असा सहज, जसा कुणी टेबलावरचा रुमाल उचलावा.

"औषध आहे तर पुडीवर नाव का नाही लिहीत?" धाकटी गरजली. "कोणती गोळी, किती, कुणाला द्यायची नाही, लिही ना! वर अग्नीचं नाव कशाला लावतोस?"

टाळ्या थांबल्या. बाबानं तिच्याकडे निरखून बघितलं. "तू तिसऱ्या अग्नीची आहेस," तो हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "राख सोडलीस ना? तुझाच अग्नी तुला खाईल."

यात दिव्यदृष्टी काही नव्हती. तिसरी पुडी ज्यांना द्यावी लागते ती माणसं पुन्हा पुन्हा आजारी पडतात, आणि आधीपेक्षा जास्त. हे त्याला अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. पुढे जे होणारच होतं त्यावर त्यानं आपली सही करून ठेवली, एवढंच.

महिना उलटायच्या आत धाकटीला हुडहुडी भरली. कमरेत सणका, ताप उतरेना, उलट्या. डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात आणलं. जंतू मूत्रमार्गातून मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात गेले होते. शिरेतून औषधं सुरू झाली आणि बशी उबेत ठेवली गेली.

ती बशी त्यांनी स्वतः उघडली. पांढरी साय कडेपासून कडेपर्यंत होती. चकत्या त्या सायीत अर्ध्या बुडाल्या होत्या, त्यांच्यातल्या औषधाची जंतूंना खबरही नसावी अशा. फक्त एका चकतीभोवती नखाएवढं वलय होतं. ते इंजेक्शन गावात कुठंच मिळत नव्हतं. दहीवाले मोठ्या शहरात जाऊन ते घेऊन आले. त्याच खिशात राखेची पुडीही होती. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन घेतलं आणि पुडीसाठी हात पुढे केला.

"राहू द्या, ताई," ते म्हणाले. "उशीखाली ठेवतो. खायला देत नाही."

डॉक्टरीणबाईंनी भांडण न काढता इंजेक्शन भरायला घेतलं.

धाकटी शुद्धीवर होती. पायांवर सूज चढली होती आणि लघवी जवळजवळ बंद झाली होती. तिनं ताईला खूण करून जवळ बोलावलं.

"माझी बशी बघितलीस?"

"बघितली."

"खरं सांग हं. मला उगाच गोंजारू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "दाट आहे गं."

"लागणारच," धाकटी म्हणाली आणि ओठ हसल्यासारखे हलले. "माझ्या हातचं दही कधी पातळ झालंय?"

नवं इंजेक्शन तिला दोन दिवस मिळालं. रक्तातले जंतू त्यानं कमी झाले असतील, नसतील. मूत्रपिंडं काही परत चालू झाली नाहीत, आणि शहरात हलवावं इतकी ताकद तिच्या अंगात उरली नव्हती. दुपारच्या वेळी, जवळच्या खाटेवरच्या बाईचं जेवण आलेलं असताना, धाकटी गेली.

दवाखान्याच्या जिन्यात दहीवाले ताईंसमोर उभे राहिले. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "तुम्ही तिला राख सोडायला लावलीत. बाबांनी सांगितलं होतं. सगळ्या रस्त्यासमोर सांगितलं होतं."

"भावोजी, तिच्या अंगातले जंतू त्या राखेनंच पोसले होते. ते तुम्हाला कळतंय. दूध तुमच्या डोळ्यांसमोर सांडलं."

"मला काही कळत नाही," ते म्हणाले. "ती खात होती तोवर जिवंत होती. एवढं मला कळतं."

यावर डॉक्टरीणबाईंपाशी उत्तर होतं. सबंध विज्ञान त्यांच्या बाजूला होतं. पण त्या जिन्यात, त्या माणसापुढे, ते न उच्चारता त्या बाजूला सरकल्या आणि त्याला वाट दिली.

त्यांनी तक्रार केली. औषध खात्याचा अधिकारी वखारीत येऊन गेला. त्याला मिळालेल्या पुड्यांत निव्वळ लाकडाची राख निघाली, कारण तो येणार हे वखारीला त्याच्या आधी कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून घेतलेल्या पुड्या 'खात्यानं जप्त केलेल्या नाहीत' म्हणून धरल्या गेल्या नाहीत. गावभर मात्र एकच गोष्ट झाली: बाबानं सांगितलं आणि दहीवाल्याची बायको गेली. वखारीची गर्दी दुप्पट झाली. थोड्याच दिवसांत चौथा अग्नी पेटल्याची बातमी आली. चौथ्या पुडीत कोणती गोळी असेल याचा अंदाज डॉक्टरीणबाई करू शकत होत्या, आणि तिच्यामागे पाचवी नाही हेही त्यांना माहीत होतं.

दहीवाल्यांनी दुधात राख घालणं बंद केलं होतं. राख घातली की दही लागत नाही, धंदा बुडतो. स्वतः मात्र ते रोज सकाळी चिमूट घेत.

सुटीच्या दिवशी डॉक्टरीणबाई वखारीच्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहू लागल्या. बशी नाही, वाडगी नाही, भाषण नाही. रांगेतलं एखादं माणूस गाठायचं आणि बोलायचं. बहुतेक जण मान फिरवत. काही जण शिव्या देत. एकदा एक बाप भेटला, खांद्यावर खोकणारी मुलगी टाकून उभा असलेला. त्यानं ऐकून घेतलं, म्हणून त्या सगळंच बोलल्या.

"दादा, राखेत जादू नाही, गोळी आहे. गोळी वाईट नाही. तिनं लाखो जीव वाचवलेत. पण ती कोणत्या आजाराला, किती आणि कुठवर द्यायची हे तपासून ठरवावं लागतं. मुलीचा खोकला कशाचा आहे हे वर बसलेल्या माणसानं बघितलंय का? तो तिच्या छातीला कानही लावणार नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून तो त्यांना अग्नी म्हणतो, शाप म्हणतो. आपण ते बघू शकतो, मोजू शकतो, ओळखू शकतो. जे तपासता येतं ते तपासून घ्या. जो तपासू देत नाही, नाव सांगत नाही, चुकलं तर तुमच्याच कर्मावर ढकलतो, त्याच्या हातून पोरीच्या तोंडात काही घालू नका. माझं ऐकू नका हवं तर. पण त्याला विचारा. फक्त एवढं विचारा, यात काय आहे?"

बापानं मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तो खरंच विचार करत होता, त्याच्या कपाळावर आठी पडली होती.

"पटतंय तुमचं," तो म्हणाला. "दवाखाना कुठं आहे?"

"हा काय, पुलापलीकडे. मी येते बरोबर."

त्यानं पुलाकडे बघितलं. मग पुढे बघितलं. त्याच्या आणि फाटकाच्या मध्ये आता थोडीच माणसं उरली होती.

"पटतंय हो," तो पुन्हा म्हणाला, अगदी आदरानं. "पण सकाळपासून उभा आहे. आता नंबर आलाच आहे."

आणि रांग सरकली तसा तोही सरकला.